बँडमधला क्लॅरनेट विद्यापीठात चालतो का?

प्रश्न वसमतकडच्या एका मुलाचा आहे. घरची बँड पार्टी. आजोबा सनई वाजवायचे, वडील ट्रंपेट वाजवतात, आणि हा आठवीपासून क्लॅरनेट धरून वरातीत उभा राहतो. यंदा कला शाखेतून बारावी झाली. आता विद्यापीठात जाऊन हेच वाद्य शिकायचंय. तो विचारतो: मराठवाड्यात अशी पदवी मिळते का? क्लॅरनेट सोडून बासरी धरावी लागेल का? नोटेशन येत नाही, शास्त्रीय शिकलेलो नाही, तर प्रवेशाला टिकेन का? आणि वडील म्हणतात आयटीआय कर, त्यांचं बरोबर आहे का?

मी क्लॅरनेट आणि बासरी दोन्ही वाजवतो आणि मराठवाड्यातल्याच एका महाविद्यालयात संगीत शिकवत आलोय. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊनच बस.

पदवी मिळते. पण तुझं वाद्य शिकवणारा माणूस त्या पदवीसोबत मिळेलच असं धरून चालू नकोस. आपल्याकडे महाविद्यालयात 'संगीत' म्हटलं की त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी गायन असतो, त्याच्या खालोखाल तबला आणि हार्मोनियम. सुषिर वाद्यांचा, म्हणजे फुंकायच्या वाद्यांचा, अभ्यासक्रमात उल्लेख असतो, परीक्षेच्या फॉर्मवर रकानाही असतो, आणि वर्गात मात्र बासरीवालाही एखादाच सापडतो. क्लॅरनेट घेऊन कुणी आलं तर शिक्षक आधी चमकतात, मग खूश होतात, आणि मग 'याला शिकवायचं कोणी' या विचारात पडतात. म्हणून फॉर्म भरायच्या आधी विभागात स्वतः जा आणि एकच गोष्ट विचार: माझ्या वाद्याचा तास कोण घेणार? उत्तरात माणसाचं नाव आलं तर त्या माणसाला ऐक. 'बघू, व्यवस्था करू' असं आलं तर ओळखून घे की वाद्य तुला बाहेर शिकावं लागणार. तसं असलं तरी पदवी घ्यायला हरकत नाही, फक्त हिशेब आधीच मांडलेला असावा.

तुला सगळ्यात जवळचं नांदेड. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 साली झालं. नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर हे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत, आणि विद्यापीठाच्या आवारात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. बीड, जालना, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे येतात. दोन्हींच्या कक्षेतल्या काही महाविद्यालयांत बी.ए.ला संगीत हा विषय घेता येतो. 2024-25 पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयाची, भानगड आली आहे. संगीत मेजर म्हणून मिळतंय की नुसतं मायनर, हे प्रवेशाच्या खिडकीवरच पक्कं करून घे. मायनर म्हणून घेतलेल्या संगीतावर पुढे एम.ए.ला जाताना अडचण येऊ शकते.

मराठवाड्याबाहेर जायची तयारी असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथे गुरुकुल पद्धतीवर भर असतो. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या संगीतशाळेपासून, म्हणजे 1886 पासून चालत आलेली परंपरा आहे. छत्तीसगडमधल्या खैरागडला 1956 पासून संगीत आणि कलांचंच विद्यापीठ चालतं. बनारस हिंदू विद्यापीठात वाद्य विभागात बासरी शिकवतात, तिथे पदवीच्या प्रवेशासाठी सीयूईटी ही परीक्षा आणि वर वादनाची चाचणी असते. ही ठिकाणं मोठी आहेत, पण प्रश्न तोच विचारायचा.

आणखी एक वाट समांतर चालते, ती सोडू नकोस. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा चढत जातात. तालुक्याच्या गावीही केंद्रं असतात. पदवीच्या तीन वर्षांत यातल्या काही परीक्षा सहज देता येतात, आणि त्यांची शिस्त चांगली आहे: इतके राग, इतके ताल, इतकी तोंडी परीक्षा. फक्त या परीक्षांचा अभ्यास म्हणजे वादन असं समजू नये. विशारद झालेले आणि सुरात एक ओळ न वाजवता येणारे मी पुष्कळ पाहिलेत.

आता तुझा खरा प्रश्न. क्लॅरनेट सोडायचा का?

माझं मत, सोडू नकोस. बासरी दुसरं वाद्य म्हणून जरूर घे. विभागात बासरीचा शिक्षक मिळण्याची शक्यता जास्त असते, आणि बासरीवर श्रुती हाताला लवकर कळते. पण चार-पाच वर्षं ओठांनी कमावलेली पकड टाकून नव्यानं फुंक शोधत बसणं, तेही पदवीच्या पहिल्या वर्षी, हा तोट्याचा व्यवहार आहे. क्लॅरनेटवर राग वाजत नाही असं तुला कुणीतरी सांगेल. त्याला रायचूरच्या पंडित नरसिंहलू वडवाटींचं वादन ऐकव. रायचूर काही परकं नाही, निजामाच्या राज्यात ते आणि आपण एकाच नकाशात होतो. कर्नाटक संगीतात ए. के. सी. नटराजन यांनी क्लॅरनेट मैफिलीत नेला, आणि कद्री गोपालनाथ यांनी सॅक्सोफोन. ही सगळी वाद्यं बँडमधूनच आपल्याकडे आलेली. सनईचंही तेच. देवळाच्या नगारखान्यातली आणि लग्नाच्या मांडवातली सनई 1937 साली कलकत्त्याच्या संगीत परिषदेत बिस्मिल्ला खाँनी मैफिलीच्या मंचावर मांडली, आणि 2001 साली त्याच सनईवाल्याला भारतरत्न मिळालं. बासरीसुद्धा गुराख्याचं वाद्य म्हणून बाजूला पडली होती. पन्नालाल घोषांनी (1911-1960) लांब, खर्जाची बासरी घडवली तेव्हा तिच्यावर ख्याल उभा राहिला.

मात्र क्लॅरनेट हे हट्टी वाद्य आहे, आणि त्याचा हट्ट कुठे आहे ते आधी समजून घे. सनईत किंवा बासरीत बोटं तीच ठेवून फुंक बदलली की वरच्या सप्तकातला तोच स्वर येतो. क्लॅरनेटची नळी सरळ, एका मापाची, आणि पत्तीच्या, म्हणजे रीडच्या, बाजूनं बंद. त्यामुळे अंगठ्याची कळ दाबलीस की सा चा वरचा सा येत नाही, एकदम वरचा पंचम येतो. म्हणजे खालच्या सप्तकाची बोटं वरच्या सप्तकाला लागू नाहीत. बँडमध्ये गाणी पाठ असतात, बोटं आपोआप पळतात, म्हणून हे जाणवत नाही. पण यमनमध्ये मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, निषादापासून तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, गंधारापर्यंत आलाप करायला बसलास की जागोजागी ठेच लागते. त्यावर इलाज एकच आहे, प्रत्येक सप्तक वेगळं वाद्य समजून पलटे, म्हणजे स्वरांच्या उलटसुलट ओळी, घोटायचे. यात वर्ष जातं, आणि जाऊ द्यावं.

दुसरी गोष्ट, सा कुठे धरायचा. तुझा क्लॅरनेट बी फ्लॅटचा असणार, आपल्या भाषेत, म्हणजे पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे, काळी पाचचा. त्याचा सगळ्यात खालचा सूर पांढरी दोन. सा पांढरी पाचवर घेतलास तर तळाचा सूर बरोबर मंद्र पंचम होतो आणि मधलं सप्तक जवळपास एका पट्ट्यात बसतं, हे सोयीचं. पण वरच्या रजिस्टरला, म्हणजे अंगठ्याच्या कळीनं मिळणाऱ्या वरच्या सुरांना, जायच्या आधीचे दोन-तीन सूर क्लॅरनेटवर नेहमी पोकळ, हवेशीर लागतात, आणि या पट्टीत नेमके शुद्ध निषाद आणि तार षड्ज तिथे येऊन पडतात. तार षड्जावर येऊन थांबायचं आणि तो सूर कच्चा, म्हणजे सगळ्या चढाईचं मातेरं. सा पांढरी दोनवर घेतलास तर तो पोकळ भाग गंधार-मध्यमाच्या आसपास येतो, रजिस्टरचा सांधा तीव्र मध्यम आणि पंचमाच्या मध्ये येतो, आणि मंद्र षड्जापर्यंत पूर्ण सप्तक खाली मिळतं. मला आलापीसाठी ही दुसरी पट्टी आवडते. तू दोन्ही करून बघ, तबलजीलाही विचार, कारण त्याच्याकडे त्या पट्टीचा तबला असायला हवा.

तिसरी गोष्ट मींड, म्हणजे सूर न तोडता एकावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. बँडमध्ये येतात ते क्लॅरनेट बरेचदा कळांच्या जुन्या रचनेचे, अल्बर्ट पद्धतीचे असतात, मेरठच्या बाजारातून आलेले. पुण्या-मुंबईत पाश्चात्त्य पद्धतीनं शिकवणारे शिक्षक बोम पद्धतीचा क्लॅरनेट मागतात, आणि तुझं वाद्य बघून नाक मुरडतात. तेवढ्यावर हातातलं वाद्य विकू नकोस. अल्बर्टमध्ये कड्या कमी, भोकं थेट बोटाखाली येतात, त्यामुळे बोट हळूहळू सरकवून सूर ओढायला तो उलट बरा पडतो. उरलेलं काम ओठ करतात. पण ओठ ढिला करून सूर खाली आणणं जमतं, वर चढवणं फारसं जमत नाही, हे ध्यानात ठेव. दरबारीचा आंदोलित गंधार असा वरून खाली झुलवत घ्यावा लागतो. पाश्चात्त्य ग्रेड परीक्षा द्यायच्या असतील, ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या मंडळांच्या, तर बहुधा बोम पद्धतच घ्यावी लागेल. ती वेगळी वाट आहे आणि खर्चिक आहे. तुझ्या आत्ताच्या प्रश्नात मी ती धरत नाही.

चौथी, आणि बँडवाल्या पोरांना सगळ्यात जड जाणारी गोष्ट म्हणजे आवाज. तुला हलगी, ढोल आणि आता डीजेच्या भिंतीपुढे वाजवायची सवय. तुझा दमसास दांडगा असणार, वर्गातल्या कुठल्याही पोरापेक्षा जास्त, ती तुझी कमाई आहे. पण बंद खोलीत तानपुऱ्याचा आवाज आपल्या सुराच्या वर ऐकू येत राहील इतक्या हळू एक स्वर, एका श्वासात, न थरथरता लावता आला पाहिजे. रोज पहाटे अर्धा तास हेच कर. गाल फुगवायची सवय असेल तर आरशासमोर बसून मोड. वरचे दात माउथपीसवर, खालचा ओठ खालच्या दातांवर किंचित दुमडलेला, हनुवटी ताणलेली, गाल आत. पहिले काही आठवडे ओठ दुखेल आणि सूर आधीपेक्षा वाईट लागेल. पत्ती दोन किंवा अडीच नंबरची घे, तीन-चार पत्त्या आलटून पालटून वापर. एकाच पत्तीला सराई काढायला लावू नकोस.

आजोबांच्या सनईबद्दल तू एका ओळीत लिहिलंस, पण मला त्यात जास्त रस वाटला. त्यांच्या ताफ्यात दुसरा सनईवाला नुसता सूर धरून उभा राहत असेल, नाकानं श्वास आत घेत, गालातल्या हवेवर सूर तुटू न देता. ती विद्या घरात जिवंत असेल तर आधी ती शिकून घे, विद्यापीठात ती कुणी शिकवणार नाही. त्यांच्याकडे देवळाच्या वेळेप्रमाणे वाजवायच्या चिजा असतील, पहाटेच्या वेगळ्या, पालखीच्या वेगळ्या. त्या मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव, कोणती कधी वाजवतात ते त्यांच्याच तोंडून वदवून घे. एम.ए.ला लघुप्रबंध लिहायची वेळ येते तेव्हा पोरं इंटरनेटवरून 'रागांचे मानसिक परिणाम' असले विषय उचलतात. तुझ्या घरात विषय पडून आहे. तुळजापूर, माहूर, औंढा नागनाथ, परळी इथल्या देवळांच्या वाजंत्र्यांकडे वही घेऊन बसणारा विद्यार्थी कोणत्याही मार्गदर्शकाला हवाच असतो.

विद्यापीठ मग देतं काय? तीन गोष्टी देतं: वेळ, संगत आणि शास्त्र. वेळ म्हणजे सकाळी खोली मिळते, आणि तू वाजवत बसलास तर कुणी 'बंद कर ते' म्हणत नाही. संगत म्हणजे तबला शिकणारी पोरं आयती मिळतात. त्यांनाही साथीला कुणीतरी हवं असतं, त्यांच्याशी गट्टी कर. लेहऱ्यावर, म्हणजे तबल्यासाठी पुन्हापुन्हा वाजवायच्या एकाच ओळीवर, तास-तास बसलास की तीनताल, झपताल, एकताल अंगात मुरतात. बँडमध्ये आपण केरवा आणि दादऱ्यावर जगतो. विलंबित एकतालात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आली हे ओळखायला पहिल्या वर्षी बहुतेकांचा घाम निघतो.

शास्त्राला पोरं घाबरतात, पण त्यातला बराच भाग पाठांतराचा आहे: भातखंड्यांचे दहा थाट, बावीस श्रुती, रागांचे वादी-संवादी, भातखंडे आणि पलुस्कर अशा दोन स्वरलिपी. जरा पुढे गेलास की मजा सुरू होते. नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार प्रकार केलेत, तत, अवनद्ध, घन आणि सुषिर. तू सुषिरवाला. आणि संगीतावरचा जो ग्रंथ देशभरातल्या अभ्यासक्रमांत शिकवतात तो 'संगीतरत्नाकर' आपल्या देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, सिंघण यादवाच्या दरबारात, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवानं लिहिला. त्याचा सहावा अध्याय वाद्यांचा आहे, आणि त्यात वंश, पाविका, मुरली, मधुकरी, काहला अशी फुंकायची वाद्यं एकामागून एक येतात. दौलताबादचा किल्ला चढणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं कोण जाणे. तिथे तोफेबरोबर फोटो काढतात.

प्रवेशाच्या चाचणीचं सांगतो, कारण तुझी भीती तिथे आहे. समोर दोन-तीन शिक्षक बसलेले असतात आणि दहा-पंधरा मिनिटांत त्यांना एवढंच बघायचं असतं की कान आहे का, लय आहे का, आणि पोरगं शिकणारं आहे का. एक राग नीट बसव. भूप घे किंवा यमन. भूपात पाचच स्वर, लपायला जागा नाही, म्हणून तो चांगला. थोडा आलाप, मध्यलय तीनतालात एक गत, म्हणजे तालात बांधलेली रचना, चार-सहा साध्या ताना, आणि सम चुकवायची नाही. दुसरं काहीतरी स्वतःच्या मातीतलं वाजव, एखादा अभंग किंवा आजोबांची चीज. सिनेमाचं गाणं वाजवलंस तर कुणी हाकलून देणार नाही, पण त्यातून त्यांना तुझ्याबद्दल कळत काहीच नाही.

ते तुला गायलाही लावतील. हार्मोनियमवर एक स्वर देऊन 'हा कोणता, म्हणून दाखव' म्हणतील. वाद्य वाजवणारी पोरं इथेच अडकतात, कारण बोटाला स्वर माहीत असतो आणि गळ्याला माहीत नसतो. आजपासून वाजवशील ती प्रत्येक ओळ आधी सरगममध्ये तोंडानं म्हण, मग वाजव. आवाज गोड नसला तरी चालतो, सुरात असला की झालं. हाताने टाळी-खाली धरत तीनतालाचे बोल म्हणता आले पाहिजेत, ठायीत, म्हणजे मूळ लयीत, आणि दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत. एवढी तयारी रोज दोन तास दिलेस तर उन्हाळ्यात होते.

नोटेशनचं म्हणशील तर भातखंडे लिपी आठवड्याभराचं काम आहे. कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब, मात्रांचे गट खाली कंसानं जोडायचे. तुला गाणी कानानं उतरवता येतात हे त्याहून कितीतरी अवघड काम तू आधीच करतोस. कान तयार असलेल्याला लिपी शिकवणं सोपं आहे. उलट्या दिशेनं फार त्रास होतो, मी रोज भोगतो.

वाद्याचा गुरू बाहेर शोधावा लागला तर तो क्लॅरनेटवालाच हवा असं नाही. मी तर म्हणेन चांगल्या गवयाकडे जा. तो ओळ गाईल, तू वाजवून उत्तर दे. फुंकायच्या वाद्यानं गळ्याच्या मागे जावं हे आपल्याकडे जुनंच आहे, श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे तुटतो, हे सगळं गवयाकडूनच कळतं. वाद्याचं तांत्रिक, म्हणजे बोटं, कळा, पत्ती, यासाठी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पुण्याला किंवा हैदराबादला एखाद्या जाणत्या वादकाकडे जाऊन दाखवून येणं पुरतं. ऑनलाइन शिकवणीवर माझा अर्धाच विश्वास आहे. बोटं दिसतात, पण फोनच्या माइकमध्ये फुंकेचा पोत मरतो, आणि फुंकेच्या वाद्यात दुरुस्त करायची असते ती नेमकी फुंक. स्वतःचं रेकॉर्डिंग करून दुसऱ्या दिवशी ऐकायला मात्र मोबाइलसारखा निष्ठुर मास्तर नाही.

आता वडिलांचं. ते आयटीआय म्हणतात त्यात चूक काढू नकोस. बँडचं काय होतंय ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. परण्याला, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीला, मारुतीपर्यंत बँड लागायचा, आता डीजेची गाडी लागते. मानही मिळत नाही. मुहूर्त वाजंत्र्याशिवाय लागत नाही आणि पंगत वाजंत्र्यासाठी शेवटी बसते, हे तुला मी सांगायला नको. त्यांना भीती आहे ती पोरानं पुन्हा त्याच रांगेत बसू नये याची.

त्यांच्याशी बोलताना दोन गोष्टी आधीच सोडवून जा. पहिली तारखा. तुळशीचं लग्न झालं की सराई सुरू होते आणि आषाढाच्या तोंडापर्यंत चालते. सत्राच्या परीक्षा नेमक्या हिवाळ्यात आणि एप्रिल-मेमध्ये येतात, वर 75 टक्के हजेरीचा नियम. सुपाऱ्या घेताना परीक्षेचे आठवडे आधीच सोडून ठेवा, आणि तुझ्या जागी दुसरा क्लॅरनेटवाला त्या दिवसांपुरता बोलून ठेवा. हे न ठरवता कॉलेजला गेलास तर पहिल्याच वर्षी एक तर पेपर बुडेल नाही तर सुपारी, आणि दोन्हींचं खापर संगीतावर फुटेल. वसमतहून नांदेड एसटीनं रोज करता येतं, पण रियाजाचा वेळ गाडीत जातो. वसतिगृह मिळालं तर घे.

दुसरी पैसे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला तयार असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत भर. अनुसूचित जातीतल्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला वसतिगृह मिळालं नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. त्याशिवाय केंद्र सरकारच्या सीसीआरटी या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती आहे, 18 ते 25 वयाच्या, गुरूकडे प्रत्यक्ष शिकत असलेल्यांना महिना 5,000 रुपये, दोन वर्षं. निवड वादन ऐकून होते. सुषिर वाद्यांत, त्यातही क्लॅरनेट-सनईत, गर्दी गायनाच्या मानानं कमीच. गुरूचं पत्र लागतं, म्हणूनही कुणाकडे तरी नीट शिकत असणं बरं.

नोकरी. इथे गोड बोलणार नाही. महाविद्यालयात संगीताच्या जागा थोड्या, त्यासाठी एम.ए. आणि नेट किंवा सेट लागते, आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे माझे कितीतरी विद्यार्थी आहेत. म्हणून एकाच खुंटीला सगळं अडकवू नकोस. तुझ्या वाद्याला मात्र एक दार असं आहे जे गाणाऱ्याला नाही: पोलिसांचा बँड. महाराष्ट्र पोलीस भरतीत बँडस्मनची पदं निघतात, आणि राज्य राखीव पोलीस बलाचा एक गट तर तुझ्याच हिंगोलीत आहे, दुसरा जालन्यात. शारीरिक चाचणी चुकत नाही, तेव्हा पळणं चालू ठेव, दमसासालाही बरंच. लष्करातही बँड असतात, त्यांचं संगीत प्रशिक्षण मध्य प्रदेशातल्या पचमढीला होतं. तिथे पाश्चात्त्य लिपी वाचावी लागते, त्यामुळे पाच रेघांची ती लिपीही पदवीच्या काळात जाता जाता शिकून ठेव.

आकाशवाणीची श्रवण चाचणी दे. बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेण्या असतात. परभणीचं केंद्र तुला जवळ. श्रेणीनं पोट भरत नाही, पण पत्रिकेवर नाव वेगळ्या तऱ्हेनं छापलं जातं आणि मानधन सांगताना तोंड उघडतं. कीर्तन-सप्ताह आपल्याकडे बारा महिने चालतात. बासरी येत असेल तर भजनी मंडळींत साथीला कायम मागणी. आणि एक उद्योग सुचवतो, ज्याकडे कुणी बघत नाही: दुरुस्ती. पॅड फाटलं, स्प्रिंग गेली, बूच ढिलं झालं की आपल्याकडचे बँडवाले वाद्य बांधून लांबच्या शहरात पाठवतात नाहीतर फेविक्विकनं भागवतात. वडिलांचं आयटीआय इथे कामी येतं, फिटरचा हात असलेला आणि कान असलेला माणूस या कामाला हवा. तू नाही तर धाकट्या भावाला तिकडे घाल.

शरीराचं आणि हवेचं थोडं. मराठवाड्याचा मे महिना फुंकेच्या वाद्याचा वैरी आहे. नळीतली हवा दहा अंशांनी तापली की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याइतका चढतो. तानपुरा ॲप आहे तिथेच राहतं, तू वर जातोस, आणि मग 'आज सूर लागत नाही' म्हणून कपाळाला हात लावतोस. बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा आखूड तुकडा, किंचित बाहेर ओढून पट्टी जुळव. डिसेंबरच्या पहाटे उलटं होतं, तेव्हा आधी पाच मिनिटं नुसती गरम फुंक मारून वाद्य तापव. लाकडी क्लॅरनेट असेल तर वाजवून झाल्यावर आतून कापडानं पुसून ठेव, आणि टेम्पोच्या टपावर, उन्हात तर मुळीच टाकू नकोस. कोरड्या हवेत लाकूड तडकतं. बासरीचा बांबू तर हमखास, म्हणून तिला दोऱ्याचे वेढे देतात आणि अधूनमधून आतून तेलाचा हात फिरवतात.

कानांना जप. डीजेशेजारी उभं राहून रात्रभर वाजवायचं असेल तर मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे घाल, कापसानं काही होत नाही. वरातीनंतर कानात शीळ वाजत राहत असेल तर ती सूचना समज, आणि दुसऱ्या दिवशी कानाला विश्रांती दे. श्रुतीचं सगळं शिक्षण ज्या कानांवर चालणार आहे ते विशीतच बधिर झाले तर कुठलंही विद्यापीठ भरून देणार नाही.

नांदेडला चौकशीला जाशील तेव्हा क्लॅरनेट सोबत ने. नुसतं तोंडी विचारलंस तर कारकून फॉर्मची तारीख सांगून मोकळा होतो. वाद्य काखेत दिसलं की कुणीतरी शिक्षक 'वाजव बरं' म्हणतोच. त्या वेळी पत्ती ओली करून ठेवलेली असू दे.